अस्तर

पहिल्या स्टुडिओत घर नव्हतंच.
माउंटबोर्डाचा एक ठोकळा, बाजू वीस सेंटीमीटर,
त्याला एकच छेद द्यायचा
आणि आत उजेड कुठे पडतो ते
नऊला, बाराला, पाचला टिपायचं.
मार्चभर मी कॉलेजच्या गच्चीवर.
धुळ्याचं ऊन छेदाला विचारून येत नाही,
बाराच्या ठोक्याला फेव्हिकॉलच उकललं,
चारी भिंती चार दिशांना आडव्या.
भामरे मॅडम म्हणाल्या, टिप. हेही टिप.

आईने विचारलं, काय शिकवतात एवढं?
म्हटलं, आतलं. घराचं आतलं.
मशीनच्या पायट्यावरचा पाय न थांबवता ती म्हणाली,
"म्हणजे घरले अस्तर लावानं शिकी राहिनी तू."
मी हसले.
रात्री वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं.

दुसरा स्टुडिओ : राहती खोली मोजून आणा.
गिरासेंच्या रुचिताने दोंडाईच्याचा हॉल आणला, झोक्यासकट.
माझ्याकडे साक्री रोडची दहा बाय बारा,
तिच्यात मशीन, पलंग, ओटा, कूलर
आणि पिको-फॉलच्या साड्यांचा ढीग,
जो रोज वेगळ्या मापाचा असतो
म्हणून शीटवर तुटक रेषेने काढला.

पुस्तकातला माणूस पाच फूट नऊ इंच.
हात वर केला की कुठवर पोचतो,
बसला की गुडघा कुठे येतो,
सगळं त्याचं ठरलेलं.
आईला भिंतीशी उभं केलं
आणि तिच्याच टेपने मोजलं :
चार फूट दहा.
वीस वर्षं आख्ख्या गल्लीची छाती-कंबर घेणारीची
मापं कुणी घेतलीच नव्हती.
ती लाजली. पोट आत ओढून उभी राहिली,
गिऱ्हाइकं राहतात तशी.

ओटा चार इंच उंच निघाला.
म्हणजे इतकी वर्षं ती
चवड्यांवर भाकरी थापत होती
आणि मला वाटायचं, तिला घाई असते.

तिसऱ्यात शिरपूरचा एक दवाखाना,
पेशंटची बसायची जागा.
नाशिकहून ज्युरी आले, म्हणाले, कन्सेप्ट काय?
म्हटलं, सावली.
ते म्हणाले, ती सोय झाली, कन्सेप्ट सांगा.
मला काही सुचेना.
शीटवर लाल पेनाने एक मोठा गोल, आत काहीच नाही.
तो गोल मी अजून ठेवलाय.

चौथ्यात प्रत्यक्ष साइट. देवपुरात बांगड्यांचं दुकान,
युवराज मिस्तरी, कानाला पेन्सिल.
माझं कपाट कोपऱ्यात बसेना.
"ताई, काटकोन तुमच्या कागदावर आहे,
भिंत दीड इंच फाकलीय."
शिवताना आई म्हणते ना, कापडात माया सोडावी,
अंग वाढतं, माणूस बदलतो, उसवून घेता यावं.
मी ड्रॉइंग पुन्हा काढलं,
फळीच्या कडेला लिहिलं : माया, दीड इंच.
मॅडमनी त्या शब्दाखाली रेघ ओढली.
खोडला मात्र नाही.

घरमालक ओट्याला हात लावू देईना.
मिस्तरीच्या उरल्या प्लायचा
चार इंच उंच पाट केला, ओट्यासमोर ठेवला.
आई चढली. टाचा टेकल्या.
एक दिवस. दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली, चवड्यांवर.
"मले सवय शे," म्हणाली,
आणि पाटावर साड्यांचा ढीग ठेवला,
फरशीची ओल लागू नये म्हणून.

सोमवारी पाचवा स्टुडिओ सुरू होतो.
खोली पुन्हा काढायला घेतलीय.
ढिगाची रेषा या वेळी
सलग.